आधी गा, मग पट्टी दाबा

या वेळच्या पत्रांत कानाबद्दलचे प्रश्न इतके आहेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललं आहे. मी पेटीची साथ करते, त्याला एकतीस वर्षं झाली. समोरचा काय गाणार हे साथीदाराला आधी ठाऊक नसतं, आणि गाऊन झाल्यावर कळून उपयोग नसतो. त्यामुळे कानावाचून आमचं पान हलत नाही. उत्तरं थोडी पेटीकडे झुकतील, गिटारवाल्यांनी चालवून घ्यावं.

प्रश्न : दोन स्वरांमधलं अंतर ओळखण्याचा सराव मी मोबाइलवरच्या अ‍ॅपवर सात महिने करतोय. शंभरातली नव्वद उत्तरं बरोबर येतात. पण साधं गाणं ऐकून कीबोर्डवर काढायला बसलो की पहिल्याच ओळीत अडकतो. मग या नव्वदचं करायचं काय? (कीबोर्ड वाजवणारा, वय १९)

नव्वद वाया गेलेले नाहीत. पण अ‍ॅप विचारतं तो प्रश्न वेगळा आणि गाणं विचारतं तो वेगळा. अ‍ॅप दोन सुटे स्वर ऐकवून अंतर विचारतं. सा ते ग हे अंतर चार अर्धस्वरांचं (अर्धस्वर म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), म ते ध चारच, प ते नी तेही चारच. अ‍ॅपच्या लेखी तिन्हींचं उत्तर एक. गाण्यात मात्र ग वर ओळ निवांत टेकते, आणि नी वर थांबली तर ऐकणारा वरच्या सा ची वाट बघत ताटकळतो. गाणं पकडायचं ते या फरकावरून, आणि सा कुठे आहे हे कानात पक्कं नसेल तर हा फरक ऐकूच येत नाही.

शिकत होते तेव्हाची गोष्ट. तंबोरा लावायचा कंटाळा, म्हणून मी नुसत्या पेटीवर भूप राग घोकत बसले होते. प वर थांबायला आवडायचं, म्हणून तिथे रेंगाळायचे, तिथूनच पुढची जागा उचलायचे. अर्ध्या तासाने बाई आत आल्या आणि म्हणाल्या, “दुर्गा कधी सुरू केलास?” भूपाचे स्वर पाच : सा रे ग प ध. त्यातल्या प ला सा मानलं की तेच पाच स्वर दुर्गा राग होतात, ग ला सा मानलं की मालकंस. मी एकही पट्टी चुकीची दाबली नव्हती. सा च हातातून निसटला होता आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून षड्ज, म्हणजे सा, वाजत नसेल तर मी पेटीचा भाता उघडत नाही.

आता तुमच्या गाण्याचं. एकच ओळ ऐका आणि बंद करा. कीबोर्डला हात लावायचा नाही. ओळ मनातल्या मनात एकदा फिरवा, गुणगुणा, आणि ती जिथे येऊन विसावते तो सूर धरून ठेवा. बहुतेक वेळा तोच सा असतो. तेवढी एक पट्टी शोधायची परवानगी आहे. ती सापडली की धरून ठेवा, नाहीतर तंबोऱ्याचं अ‍ॅप त्या सुरात लावून द्या. मग पुढचा प्रत्येक स्वर आधी नाव घेऊन गायचा, “हा प आहे” असं मोठ्याने म्हणायचं, आणि मगच पट्टी दाबायची. आधी पट्ट्या दाबत बसलात तर शोधाशोध बोटं करतात आणि कान नुसता मान डोलावतो. सात महिने काय, सात वर्षं केलंत तरी तयार होतील ती बोटंच.

चुकाल तेव्हा कसे चुकलात ते बघा. शेजारच्या पट्टीवर गेलात तर कोमल-शुद्धाचा गोंधळ आहे. सा च्या जागी प म्हणालात तर लाज वाटून घेऊ नका. त्या दोघांच्या कंपनसंख्या २:३ या प्रमाणात असतात, त्यांचे वरचे सूर एकमेकांत मिसळतात, चांगले चांगले तिथे फसतात. मी चुकांची वही ठेवायचे. तिच्यात पहिल्या तीन महिन्यांत “ध च्या जागी कोमल नी” एकवीस वेळा लिहिलेलं आहे. एकवीस वेळा एकच चूक, म्हणजे माझा कान कच्चा नव्हता, कानाचा तेवढा एक कोपरा कच्चा होता. मग महिनाभर ध आणि कोमल नी एवढंच केलं.

प्रश्न : वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात मला सांगण्यात आलं, “तुम्हाला कान नाही.” खरंच असं असतं का? स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तर मला ते पूर्ण ऐकवतही नाही. (गाणं सोडू की नको या विचारात)

सोडू नका. तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. स्वतःचं गाणं ऐकवत नाही, ते का? सूर खटकतात म्हणून. खटकतात म्हणजे कानाने पकडले. जन्मतःच सूर न कळण्याची अवस्था असते, पण ती विरळ, आणि तशा माणसाला आपलं रेकॉर्डिंग बहुधा खुपतच नाही. (रेकॉर्डिंगमधला आवाज परका वाटतो ते वेगळं. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो हाडांतला भाग नसतो. हे सगळ्यांचंच होतं.)

तुमची अडचण कान आणि गळा यांच्या मधल्या वाटेवर आहे. ऐकलेला सूर गळ्यातून नेमका काढणं हे हाताने रेघ मारण्यासारखं कसब आहे, ते सरावाने येतं.

माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ यायचे. मी पेटीवर सूर द्यायची आणि ते भलताच लावायचे, कधी खाली, कधी त्याहून खाली. दोन आठवडे हाच खेळ. मग एकदा पेटी बाजूला सारली आणि मी नुसतं ‘आ’ गायले. ते जवळपास आले. पेटीच्या पत्तीतून निघणारा सूर आपल्या गळ्यात कसा आणायचा हे पुष्कळांना कळत नाही, माणसाच्या आवाजाचं कळतं. दुसरं लक्षात आलं ते असं, की मी माझ्या सप्तकात गात होते आणि ते तो सूर तिथेच शोधत होते, जिथे त्यांचा गळा पोचणार नव्हता. त्यांना एक सप्तक खाली उतरायचं होतं आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी खेळ उलटा केला. “तुम्ही लावा, जो येईल तो. मी तुमच्याकडे येते.” त्यांनी सूर लावला, जरा थरथरता. मी पेटीवर शोधला : काळी एकच्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, किंचित खाली. काळी एक दाबून धरली आणि म्हटलं, आता अगदी केसभर वर या. ते सरकत सरकत वर आले, आणि दोन सूर एक झाले त्या क्षणी बोलायचे थांबून नुसते बघत राहिले. सूर जुळला की कसं वाटतं हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. तिथून अर्ध्या अर्ध्या स्वराने आम्ही वर-खाली गेलो. सा, रे, ग सलग नीट लागायला अकरा आठवडे लागले. तुम्हालाही कुणीतरी असं हवं, जे पंधरा दिवस तरी तुमच्या सुराकडे येईल. पहिल्या महिन्यात निकाल लावून मोकळं होणारं नको.

प्रश्न : आमची मुलगी सात वर्षांची आहे. पाठ करून बसली तरी कीबोर्डवर कोणती पट्टी वाजली ते अचूक सांगते. हिला काय शिकवावं? (पालक)

तिला केवल स्वरज्ञान, म्हणजे दुसऱ्या सुराचा आधार न घेता सूर ओळखण्याची क्षमता, असण्याची शक्यता आहे. ते विरळ असतं आणि ते घडायचं तर लहानपणीच घडतं. त्याच्याशिवाय संगीत अडत नाही, जगातले बहुतेक संगीतकार एका सुरावरून दुसरा ओळखूनच काम चालवतात. उलट या मुलांची एक अडचण मी पाहिली आहे. काळी एकमध्ये बसवलेलं गाणं पांढरी चारमध्ये गायला सांगितलं की ती गोंधळतात, कारण त्यांना सा ऐकू येण्याऐवजी पट्टीचं नाव ऐकू येतं. म्हणून दर आठवड्याला पट्टी बदला. आणि पाहुणे आले की तिची परीक्षा घेऊ नका.

प्रश्न : गिटार ट्यूनरवर सहाही तारा हिरव्यावर आणतो. तरी काही कॉर्ड्स गोड वाजतात आणि काही बोचतात. गिटार खराब आहे की माझा भ्रम? (वाचक)

दोन्ही नाही. कान तयार व्हायला लागल्याची ही खूण आहे, त्रासदायक असली तरी.

ट्यूनर सप्तकाचे सारखे बारा भाग करतो, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्या हिशेबाने सा पासून शुद्ध ग ४०० सेंटवर येतो. पण कानाला जो ग सा मध्ये विरघळल्यासारखा वाटतो तो ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा फरक. पंचमाच्या, म्हणजे प च्या, बाबतीत हाच फरक जेमतेम दोन सेंटचा आहे, म्हणून पंचम बोचत नाही आणि गांधार, म्हणजे ग, बोचतो. तुम्ही एका कॉर्डपुरती तिसरी तार कानाने गोड लावलीत तर तीच दुसऱ्या कॉर्डमध्ये खुपेल. पट्ट्यांच्या आणि पडद्यांच्या वाद्यांना ही तडजोड सुटत नाही. (एक गोष्ट मात्र तपासा : तार फार जोरात दाबली की सूर चढतो. नवशिक्यांची निम्मी बोच तिथलीच असते.)

पेटीचा गांधार बोचतो हा आम्हा पेटीवाल्यांवरचा जुना आरोप आहे आणि तो खरा आहे. तंबोरा नीट लागला, जवारी (तारा जिच्यावर टेकून झणझणतात ती घोडी) उघडी असली, की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गांधार आपोआप बोलतो. कुणी न छेडता. आता त्याच वेळी पेटीवर ग दाबा. दोन गांधार शेजारी शेजारी, एकमेकांना न पटणारे. ते ऐकू येतं तेव्हा दातांखाली खडा आल्यासारखं होतं. म्हणून विलंबित आलापात गायक गांधारावर थांबला की मी बोट उचलते आणि सा धरून बसते. लोकांना वाटतं बाईंना जागा सापडली नाही. वाटू दे.

हे ऐकायला शिकायचं तर हेलकावे ऐका. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे येतात : वाँव-वाँव, वाँव-वाँव. तार जुळत येते तसे ते संथ होतात, लांबतात आणि मग एका क्षणी आवाज सपाट होतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा लावताना आधी खुंटी फिरवायची आणि शेवटी तारेत ओवलेला मणी सरकवायचा तो याच सपाट क्षणासाठी. तुम्ही ट्यूनर पालथा ठेवा, दोन तारा एकाच सुरात आणून हेलकावे थांबवा, आणि मग ट्यूनर उलटून बघा. पंधरवड्यात फरक दिसेल. मणी किंवा खुंटी फिरवताना श्वास रोखून धरू नका, हे मात्र मला उशिरा कळलं. श्वास रोखला की माणूस घाई करतो.

प्रश्न : तीनतालात बंदिश गाताना ठेक्याकडे लक्ष दिलं की सूर सुटतो, सुराकडे दिलं की सम (तालाची पहिली मात्रा) जाते. गुरुजी म्हणतात “ऐक”. मी ऐकतेच आहे. नक्की काय ऐकू? (गायन विद्यार्थिनी)

डग्गा ऐक. सोळा मात्रा मोजत बसलीस तर गाणं होणार नाही, आणि तबल्याच्या चाटीवरचे, म्हणजे कडेवरचे, बोल एकसारखे वाटतात, त्यात जागा सापडत नाही. नेहमीच्या ठेक्यात नवव्या मात्रेवर धा वाजतो आणि मग दहा ते तेरा ‘तिं तिं ता, ता’. एवढ्यात डग्ग्याची घुमक नसते, खालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. चौदाव्या मात्रेला धिं येतो आणि घुमक परत येते. तिथून सम तीन मात्रांवर. म्हणजे तुला सोळापैकी एकच गोष्ट ओळखायची आहे : डग्गा परत आला तो क्षण.

आधी न गाता कर. नुसता ठेका लाव, वाचत बस, स्वयंपाक कर, काहीही कर, आणि डग्गा परत आला की बोट वर कर. आठ दिवसांत बोट आपोआप वर जायला लागेल. मग सा लावून तेच. मग मुखडा. तबलजी ठेका भरून वाजवायला लागले की हे अवघड होतं, म्हणून सुरुवातीला त्यांना साधा ठेका मागून घे. मागायला कमीपणा नाही.

प्रश्न : काम करताना दिवसभर संगीत लावून ठेवतो. याने कान तयार होतो का? (एक श्रोता)

थोडाफार. शैली अंगवळणी पडते, ओळख वाढते. पण दिवसभर कानावरून गेलेल्यापेक्षा बसून ऐकलेली तीन मिनिटं जास्त देतात. तीच तीन मिनिटं पाच वेळा ऐका आणि दर वेळी एकाच गोष्टीच्या मागे लागा. एकदा गायक श्वास कुठे घेतो तेवढंच. एकदा सगळ्यात खालचा आवाज, बेस किंवा डग्गा. एकदा साथीदार कुठे गप्प बसतो. गप्प बसणं ऐकू यायला लागलं की बरंच जमलं समजा.

रागसंगीत ऐकत असाल तर मारवा आणि पूरिया पाठोपाठ लावा. दोघांचे स्वर तेच : सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम दोघांत नाही. कागदावर लिहिलेत तर फरक दिसणार नाही. मारवा कोमल रे आणि ध वर थांबतो आणि सा ला हूल देत राहतो, पूरिया ग आणि नी वर विसावतो आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रमतो. “कोणते स्वर” हा प्रश्न सोडून “कुठे थांबतोय” हा प्रश्न घेऊन बसा. मला हा फरक पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला तेव्हा आधीची दोन वर्षं मी नुसते स्वर मोजत होते हे कळलं.

प्रश्न : रियाजासाठी रोज तीन-चार तास हेडफोन लावते. आवाज किती ठेवला तर चालतो? कधीकधी नंतर कानात शिट्टी वाजते. (व्हायोलिन विद्यार्थिनी)

शिट्टी वाजते म्हणजे जास्त होतोय. आज रात्रीपासून कमी कर.

सर्वसाधारण हिशेब असा : ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलपर्यंत गेलीस तर पंधरा मिनिटं. हेडफोन काय, व्हायोलिनही डाव्या कानाच्या अगदी शेजारी वाजतं, ते मोजायला विसरू नकोस. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बरीच वर्षं मंचावर माझ्या डाव्या हाताला मॉनिटरचा स्पीकर असायचा आणि तो मोठा ठेवायला मीच सांगायची, पेटी ऐकू यावी म्हणून. पुढे एकदा झांजेचा आवाज डावीकडून यायचाच बंद झाला. तपासणी केली तर आलेखावर डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झला खड्ड्यात गेलेली. मोठ्या आवाजाने झालेली इजा बहुधा त्याच भागात दिसते, असं डॉक्टर म्हणाले. पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४१८६ हर्ट्झची असते, पेटी तिथवर जातच नाही, म्हणजे पेटीचे सगळे सूर त्या खड्ड्याच्या बरेच अलीकडे. म्हणून माझा सूर ढळला नाही आणि म्हणूनच मला इतकी वर्षं कळलं नाही. गेलं ते झांजेची धार, तबल्याच्या चाटीचा कडकपणा, गायकाच्या शब्दातले स आणि फ.

आता कापसाचे बोळे घालून भागवू नकोस, त्याने आवाज फारसा अडत नाही. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे वाद्य पांघरुणाखालून वाजल्यासारखं वाटत नाही. तासाभराने दहा मिनिटं पूर्ण शांतता ठेव. वर्षातून एकदा श्रवण तपासणी करून आलेख जपून ठेव, पुढच्या वर्षी ताडून बघता येतो. शिट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आणि कधी एका कानाने एकाएकी कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी जा. मी झांजेसाठी चार महिने थांबले होते.